एममॅपनं भलताच आकडा हातावर ठेवला, तर शोध कुठून सुरू करायचा

एममॅप हा सिस्टिम कॉल फाइल किंवा मेमरी प्रोसेसच्या पत्त्यांच्या जागेत जोडतो आणि त्या जागेचा पत्ता परत देतो. माझ्या वाट्याला हा प्रकार पहिल्यांदा आला तेव्हा एममॅपनं मला १६ परत दिले. एरर नाही, उणे काही नाही, नुसते सोळा. माझ्या प्रोग्रामनं ते इमानेइतबारे पत्ता म्हणून वापरले आणि पुढच्याच ओळीला तो कोसळला. या सोळाचं मूळ सापडायला मला दोन दिवस लागले. सापडल्यावर कळलं की क्रमानं गेलो असतो तर तासाभराचं काम होतं. तो क्रम इथे लिहितो आहे.

हा लेख लिनक्सपुरता आहे. तुम्हाला सी येतं आणि कर्नल एकदा तरी स्वतः बांधून पाहिला आहे, पण त्याच्या आत शिरून चूक शोधायची वेळ अजून आलेली नाही, असं मी गृहीत धरतो. फंक्शनं, फ्लॅग आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच त्यांचं मूळ रोमन स्पेलिंग टाइप करायचं.

सुरुवातीलाच जवळ काय हवं

- कर्नलची नेमकी आवृत्ती आणि त्याची कॉन्फिग फाइल. "नवीनच आहे" हे उत्तर चालत नाही.
- बिघडलेल्या कॉलचे सहाही आर्ग्युमेंट: पत्ता, लांबी, प्रोट (वाचन-लेखनाचे अधिकार), फ्लॅग, एफडी (उघडलेल्या फाइलचा क्रमांक), ऑफसेट (फाइलमध्ये कुठून सुरुवात). एकही गाळू नका.
- पेज साइज, म्हणजे कर्नल मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचा आकार. एक्स८६ वर ४०९६ बाइट, पण ६४ बिटी आर्म कर्नल ४, १६ किंवा ६४ केआयबी पेजवर बांधलेला असू शकतो. ती कोडमध्ये लिहून टाकू नका, सिसकॉन्फला विचारा.
- कॉल फसला त्या क्षणीची त्या प्रोसेसची प्रॉकमधली मॅप्स फाइल. प्रोसेस मेल्यावर ती मिळत नाही, म्हणून एरर आल्याबरोबर प्रोग्रामनंच ती छापावी अशी सोय करा.
- एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारा), एफट्रेस (कर्नलमधली फंक्शनं दाखवणारा) आणि जमलं तर बीपीएफट्रेस (कर्नलमध्ये हवे तिथे प्रोब लावणारा). ड्रायव्हर तुमचा स्वतःचा असेल तर क्यूईएमयू हे आभासी यंत्र आणि जीडीबी हा डीबगरही.
- वीस-तीस ओळींचा एक छोटा प्रोग्राम, ज्यात फक्त तो एकच कॉल आहे. मोठ्या प्रोग्रामवर थेट शोध घेऊ नका.

१. आकडा वाचायला शिका

कर्नलच्या दृष्टीनं एममॅप एकच आकडा परत देतो. तो एक तर पत्ता असतो किंवा उणे चिन्हासह एरर क्रमांक. दोन्ही एकाच रजिस्टरमधून येतात, म्हणून कर्नलनं एक नियम ठरवला आहे: उणे १ ते उणे ४०९५ या पट्ट्यातलं काहीही एरर, बाकी सगळं पत्ता. सी लायब्ररी हा पट्टा ओळखते, एरर क्रमांक एररनोमध्ये ठेवते आणि तुमच्या हातात मॅप_फेल्ड देते. मॅप_फेल्ड म्हणजे उणे एक. नल नव्हे.

नवखा माणूस इथे हमखास अडखळतो. मॅलॉकच्या सवयीनं नल तपासलं जातं, उणे एक त्यातून सुखरूप निसटतं आणि कोसळणं भलत्याच ठिकाणी होतं. शिवाय नल हा एममॅपचा खरा पत्ताही असू शकतो. व्हीएम.एममॅप_मिन_अ‍ॅडर ही सर्वांत खालच्या पत्त्याची मर्यादा शून्यावर ठेवली असेल आणि मॅप_फिक्स्डनं, म्हणजे नेमका तोच पत्ता हवा असं सांगणाऱ्या फ्लॅगनं, शून्य पत्ता मागितला, तर तो मिळतो.

आता हातात आलेला आकडा सोळा अंकी हेक्समध्ये छापा आणि पाहा:

- सगळे एफ असतील तर ते मॅप_फेल्ड. लगेच एररनो वाचा. मध्ये प्रिंटएफ घातलंत तर त्यानं एररनो बदललेला असू शकतो.
- सुरुवातीला बरेच एफ आणि शेवटी वेगळेच दोन अंक असतील, तर लायब्ररीला वळसा घालून कच्चा उणे आकडा आला आहे. चौदा एफ आणि शेवटी ईए म्हणजे उणे २२, अर्थात ईइनव्हॅल (चुकीचं आर्ग्युमेंट). शेवटी एफ४ म्हणजे उणे १२, ईनोमेम (मेमरी नाही).
- वरचे आठ अंक एफ आणि खालचे आठ एखाद्या पत्त्यासारखे, शेवटी तीन शून्यं असलेले: हा अर्धा कापलेला पत्ता. पुढचा टप्पा त्याच्यासाठीच आहे.
- १६, १, ३२ असा बारका धन आकडा: सरळ आठव्या टप्प्यावर उडी मारा.
- देखणा, पेजच्या सीमेवर बसलेला पत्ता, पण तुम्ही मागितलेला नाही: चौथा टप्पा.

२. कर्नलला दोष देण्याआधी स्वतःचं अंगण झाडा

अर्धा कापलेला पत्ता हा कर्नलचा दोष नसतो, हे मी पैजेवर सांगेन. एममॅपची हेडर फाइल घ्यायची राहिली की जुना कंपायलर गृहीत धरतो की फंक्शन इंट परत देतं. मग ६४ बिटांच्या पत्त्याचे खालचे ३२ बिट उरतात आणि इंटचं पुन्हा पॉइंटरमध्ये रूपांतर होताना चिन्हाचा बिट वरच्या अर्ध्या भागात पसरतो. तो बिट १ असेल तर वर सगळे एफ, ० असेल तर वर सगळी शून्यं. पत्ते दर वेळी यादृच्छिक असल्यामुळे बग रोज वेगळं रूप घेतो आणि माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवू लागतो. असं अघोषित फंक्शन वापरणं सी भाषेतून १९९९ च्या मानकानंच काढून टाकलं, पण जीसीसी अनेक वर्षं नुसती वॉर्निंग देत राहिला. १४ व्या आवृत्तीपासून ती एरर झाली. त्याआधीचा कंपायलर असेल तर वॉर्निंगांना एरर मानणारा पर्याय चालू करा.

दुसरा सापळा ३२ बिटी यंत्रांवरचा. तिथे २ जीआयबीच्या वरचा पत्ता चिन्हांकित पूर्णांकात घेतला की उणा दिसतो. "शून्यापेक्षा कमी म्हणजे एरर" अशी तपासणी लिहिली असेल तर व्यवस्थित मिळालेलं मॅपिंग तुम्ही स्वतःच्या हातानं फेकून देता. तपासायची फक्त मॅप_फेल्डशी बरोबरी.

तिसरा सापळा असेंब्लीतून थेट सिस्टिम कॉल करणाऱ्यांसाठी. एक्स८६-६४ वर साध्या फंक्शनचं चौथं आर्ग्युमेंट आरसीएक्समध्ये जातं, पण सिस्टिम कॉलचं आर१० मध्ये, कारण सिसकॉल ही सूचनाच आरसीएक्सवर परतीचा पत्ता लिहिते. एममॅपचं चौथं आर्ग्युमेंट म्हणजे फ्लॅग. आर१० भरायचं राहिलं तर फ्लॅगच्या जागी आधीचा कचरा जातो आणि कधी ईइनव्हॅल, कधी ईबॅडएफ असा लहरी कारभार सुरू होतो. क्रमांकही आर्किटेक्चरनुसार वेगळे: एक्स८६-६४ वर एममॅप ९, ६४ बिटी आर्मवर २२२. ३२ बिटी एममॅप२ ला ऑफसेट बाइटमध्ये द्यायचा नसतो, ४०९६ बाइटांच्या एककात द्यायचा असतो.

३. सीमेवर उभं राहून पाहा

प्रोग्राम आणि कर्नल यांच्या मधल्या उंबरठ्यावर काय गेलं आणि काय आलं, हे एसट्रेस दाखवतो. फक्त मेमरीचे कॉल हवे असतील तर फिल्टरमध्ये परसेंट चिन्ह लावून मेमरी हा गट द्या. थ्रेड आणि चाइल्ड प्रोसेस असतील तर वजा-एफ विसरू नका. वजा-के दिलंत तर तो कॉल तुमच्या कोडमधल्या कुठल्या वाटेनं आला तेही दिसतं.

एसट्रेसमधला आकडा आणि प्रोग्राममधला आकडा जुळत नसेल, तर दोष उंबरठ्याच्या अलीकडे आहे. दुसऱ्या टप्प्यावर परत जा. जुळत असेल तर पुढे चला.

आणि कॉलच दिसला नाही तर? मी इथे एकदा चांगलाच गोंधळलो होतो. प्रोग्राम म्हणत होता ईइनव्हॅल आणि एसट्रेसमध्ये एममॅपचा मागमूसही नाही. जीलिबसी ही लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी ऑफसेट ४०९६ च्या पटीत आहे का हे स्वतःच तपासते आणि नसेल तर कर्नलचं दार न ठोठावताच ईइनव्हॅल देते. मसल लायब्ररीही अशी तपासणी करते. ती आणखी एक पाऊल पुढे जाते: पत्ता सुचवलेला नसलेल्या अनामिक (मागे फाइल नसलेल्या) मॅपिंगला कर्नलनं ईपर्म दिलं, तर ते बदलून ती ईनोमेम करते. म्हणून एररनोपेक्षा एसट्रेसवर विश्वास ठेवा.

४. पत्ता बरोबर असेल आणि अपेक्षा चुकली असेल

पहिलं आर्ग्युमेंट ही सूचना आहे, हुकूम नव्हे. मॅप_फिक्स्ड नसेल तर ती जागा व्यापलेली असल्यास कर्नल दुसरी देतो आणि याला एरर मानत नाही. सूचना एममॅप_मिन_अ‍ॅडरच्या खाली असेल तर तो ती गुपचूप वर उचलतो. म्हणजे तुम्ही ४०९६ सुचवलंत आणि ती मर्यादा ६५५३६ असेल, तर ६५५३६ मिळालं म्हणून बग रिपोर्ट लिहायला बसू नका.

दर वेळी पत्ता बदलतो ते रँडमाइझ_व्हीए_स्पेस या पत्ते यादृच्छिक करणाऱ्या सेटिंगमुळे. शोध चालू असेपर्यंत सेटआर्क या साधनाच्या वजा-आर पर्यायानं फक्त तेवढ्या प्रोसेसपुरतं ते बंद करा. पूर्ण यंत्रावर बंद करण्याचं कारण नाही.

सलग दोन मॅपिंग शेजारीशेजारी येतील हे गृहीतकही तसंच घातक. एक्स८६-६४ वर कर्नल सहसा वरून खाली जागा देत जातो, त्यामुळे दुसरा पत्ता पहिल्याच्या खाली येतो. शिवाय ६.७ पासून मोठी अनामिक मॅपिंग ह्यूज पेजच्या, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पेजच्या, सीमेवर बसवायचा प्रयत्न सुरू झाला, त्यामुळे मध्ये फटी पडू शकतात. एखाद्या जुन्या प्रोग्रामनं शेजारच्या गृहीतकावर घर बांधलं असेल तर ते नव्या कर्नलवर हलतं.

४७ बिटांचंही असंच. एक्स८६-६४ वर पाच-स्तरी पेज टेबल असलं तरी सूचना ४७ बिटांच्या वरची दिल्याशिवाय कर्नल त्या पलीकडचा पत्ता देत नाही. अनेक प्रोग्राम पॉइंटरच्या वरच्या बिटांत स्वतःची माहिती दडवतात, त्यांच्यासाठी केलेली ही सोय.

मॅप_फिक्स्ड वापरून प्रश्न सुटला असं वाटलं तर थांबा. त्या जागी आधी जे होतं ते कर्नल न विचारता पुसून टाकतो. रिटर्न व्हॅल्यू अगदी हवी तशी येते आणि तासाभरानं लायब्ररीचा एखादा तुकडा गायब झाल्याचं कळतं. ४.१७ पासून मॅप_फिक्स्ड_नोरिप्लेस आहे, जागा व्यापलेली असेल तर तो ईएक्झिस्ट देतो. त्याआधीचे कर्नल मात्र हा फ्लॅग ओळखत नाहीत आणि पत्ता नुसती सूचना मानतात, म्हणून परत आलेला पत्ता मागितलेल्याशी ताडून पाहायचाच.

५. एररच असेल तर: एक आकडा, अनेक कारणं

प्रत्येक एररचं एक वाक्य मॅन्युअलमध्ये असतं. घोडं पेंड खातं ते एकाच आकड्यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात तिथे.

ईइनव्हॅल, म्हणजे २२, बहुतेक वेळा तुमचाच असतो. लांबी शून्य (रिकामी फाइल मॅप करायला गेलात की हेच होतं), ऑफसेट पेजच्या पटीत नाही, प्रायव्हेट किंवा शेअर्ड यापैकी एकही फ्लॅग नाही, किंवा मॅप_फिक्स्डला दिलेला पत्ता पेजच्या सीमेवर नाही. ४ केआयबी पेजवर चालणारा प्रोग्राम ६४ केआयबीवर ईइनव्हॅल देऊ लागला तर ऑफसेट पाहा.

ईनोमेम, म्हणजे १२, हा सगळ्यात फसवा. नाव मेमरीचं आणि कारण क्वचितच मेमरीचं. फ्रीची आज्ञा चालवून "इतकी तर रिकामी आहे" असं म्हणत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांत मीही होतो. पुढील गोष्टी याच क्रमानं पाहा.

आधी लांबी. फाइलची लांबी विचारणारा कॉल फसून उणे एक मिळाला आणि तो तसाच लांबी म्हणून दिला, तर चिन्हरहित होऊन तो अवाढव्य होतो. कर्नल त्याला पेजच्या सीमेवर वर ढकलायला जातो, आकडा ओसंडून शून्यावर येतो आणि ईनोमेम मिळतो. एसट्रेसमध्ये लांबीच्या जागी १८ ने सुरू होणारा वीस अंकी आकडा दिसला की समजा.

मग मॅपिंगची संख्या. व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंटची मूळ किंमत ६५५३० आहे. मॅप्स फाइलच्या ओळी मोजा, आकडा त्याच्या जवळपास असेल तर सापडलं. इतकी मॅपिंग कोण करतं, असं वाटेल. पण पेजचे अधिकार बदलणारा एमप्रोटेक्ट एका मॅपिंगचे तुकडे पाडतो. ४ केआयबी पेजवर एकाआड एक पेजचे अधिकार बदलत गेलात तर जेमतेम २५६ एमआयबी जागेत मर्यादा संपते. गंमत म्हणजे या अवस्थेत मॅपिंगच्या मधला तुकडा सोडायला गेलात तर मनमॅपलाही ईनोमेम मिळू शकतो, कारण मधून कापलं की एकाचे दोन होतात.

नंतर मर्यादा: पत्त्यांच्या जागेवरची आरलिमिट_एएस आणि ४.७ पासून खासगी अनामिक मॅपिंगही मोजणारी आरलिमिट_डेटा. त्यानंतर ओव्हरकमिट, म्हणजे हातात आहे त्याहून जास्त मेमरी कबूल करणं. ओव्हरकमिट_मेमरी २ असेल तर मेमइन्फोमधल्या कमिटेड_एएस आणि कमिटलिमिट या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. मॅप_ह्यूजटीएलबी असेल तर राखून ठेवलेली ह्यूज पेज शिल्लक आहेत का ते पाहा, मोकळी मेमरी कितीही असली तरी ती इथे कामाची नाही.

ईअ‍ॅक्सेस, १३. फाइल फक्त लिहिण्यासाठी उघडली असेल तर मॅपिंग मिळत नाही. वाचायचा अधिकार प्रत्येक फाइल मॅपिंगला लागतोच, तुम्ही फक्त लिहिणार असलात तरी. शेअर्ड आणि लिहिता येणारं मॅपिंग हवं तर फाइल वाचन-लेखन दोन्हींसाठी उघडा. एसईलिनक्स या सुरक्षा मॉड्यूलचा नकारही बहुधा याच आकड्यात येतो, त्याची नोंद ऑडिट लॉगमध्ये सापडते.

ईपर्म, १. नोएक्झेक माउंटवरची फाइल चालवण्यायोग्य म्हणून मागितली, सील केलेली मेमरी फाइल लिहायला मागितली, किंवा मॅप_फिक्स्डनं एममॅप_मिन_अ‍ॅडरच्या खाली उतरलात. कंटेनरमध्ये सेककॉम्प ही सिस्टिम कॉलांवरची चाळणीही हा आकडा देऊ शकते. यातलं काहीच लागू नसेल तर ड्रायव्हरवर संशय घ्या. का, ते आठव्या टप्प्यात.

ईनोडेव्ह, १९, म्हणजे त्या फाइलला मॅपिंगची सोयच नाही. ईअगेन, ११, म्हणजे मॅप_लॉक्डनं आरलिमिट_मेमलॉक ओलांडली. आणि "अननोन एरर ५२४" असं छापून आलं तर खूश व्हा, चोर जवळजवळ पकडलाच. ५१२ पासूनचे क्रमांक कर्नलनं स्वतःच्या आतल्या वापरासाठी ठेवले आहेत, ते बाहेर यायलाच नकोत. ५२४ म्हणजे ईनॉटसप. कुणीतरी ९५ क्रमांकाच्या ईऑपनॉटसपऐवजी तो लिहिला आहे.

६. कर्नलचे मजले समजून घ्या

एममॅपचा कॉल एका फंक्शनमध्ये संपत नाही, तो मजले उतरत जातो. आकडा कुठल्या मजल्यावर जन्मला हे कळलं की वरच्या पाच-सहा कारणांतली चार आपोआप गळतात.

सर्वांत वर आर्किटेक्चरचा मजला. एक्स८६-६४ वर इथे ऑफसेटची पेजशी पट तपासली जाते.

त्याखाली केसिस_एममॅप_पीजीऑफ. एफडीवरून फाइल इथे शोधली जाते, म्हणून ईबॅडएफ इथला. ह्यूज पेजची काही पडताळणीही इथेच.

मग व्हीएम_एममॅप_पीजीऑफ. सुरक्षा मॉड्यूलांना इथे विचारलं जातं आणि प्रोसेसच्या मेमरी नकाशाचं कुलूप घेतलं जातं. कुलुपाची वाट पाहताना प्रोसेसला मारलं तर ईइंटर.

मग डू_एममॅप. लांबी शून्य आहे का, ओसंडते का, मॅपिंगची संख्या, मोकळी जागा, फाइलचे अधिकार, फ्लॅग हे सगळं इथे. मोकळी जागा शोधणारं गेट_अनमॅप्ड_एरिया इथूनच बोलावलं जातं. ड्रायव्हरनं स्वतःचं तसलं फंक्शन दिलं असेल आणि त्यानं पेजच्या सीमेवर नसलेला पत्ता सुचवला, तर कर्नल ईइनव्हॅल देतो.

सर्वांत खाली एममॅप_रीजन. मर्यादा आणि ओव्हरकमिटचा हिशेब इथे होतो, मॅप_फिक्स्डखालचं जुनं मॅपिंग इथे काढलं जातं आणि फाइलचं किंवा ड्रायव्हरचं स्वतःचं एममॅप फंक्शन इथून बोलावलं जातं.

आवृत्तीगणिक तपासण्या एका मजल्यावरून दुसऱ्यावर सरकतात. म्हणून आंतरजालावर सापडलेला कोड नव्हे, तुमच्या यंत्रावर चालणाऱ्या आवृत्तीचाच कोड उघडा.

७. मजला शोधा

माझी आवडती पद्धत एफट्रेसची. ट्रेसिंगच्या फोल्डरमध्ये ट्रेसर म्हणून फंक्शन_ग्राफ निवडा, सुरुवातीचं फंक्शन म्हणून व्हीएम_एममॅप_पीजीऑफ द्या आणि फक्त तुमच्या प्रोसेसचा पीआयडी ठेवा. कर्नल ६.५ किंवा नंतरचा असेल आणि कॉन्फिगमध्ये ती सोय असेल, तर फंकग्राफ-रेटव्हॅल पर्याय चालू करा. प्रत्येक फंक्शनच्या बंद होणाऱ्या कंसाशेजारी त्यानं परत दिलेला आकडा दिसू लागतो. मग खालून वर नव्हे, आतून बाहेर वाचा: उणे २२ दाखवणारं सगळ्यात आतलं फंक्शन हेच जन्मस्थान. बाहेरची सगळी त्याचाच निरोप पुढे देत असतात.

दोन गोष्टींपासून जपा. काहीच परत न देणाऱ्या फंक्शनांपुढेही आकडा छापला जातो, कारण ट्रेसर डोळे मिटून रजिस्टर वाचतो. तिथे योगायोगानं उणे २२ दिसलं तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. आणि कंपायलरनं इनलाइन केलेली फंक्शनं ट्रेसमध्ये दिसतच नाहीत. सगळ्यात आतलं फंक्शन म्हणून जे दिसतं त्याच्या पोटात आणखी तीन लपलेली असू शकतात.

जुन्या कर्नलवर बीपीएफट्रेसनं हेच काम होतं. वरच्या चार मजल्यांना एकेक केरेटप्रोब (फंक्शन परतताना त्याचा आकडा टिपणारा प्रोब) लावा आणि परत आलेला आकडा चिन्हरहित धरून उणे ४०९५ किंवा त्याहून मोठा असेल तरच छापा, नाहीतर यशस्वी कॉलांच्या पुरात बुडाल. बारका धन आकडा शोधत असाल तर अट उलटी: ४०९६ पेक्षा लहान असेल तर छापा.

यातली खरी किल्ली म्हणजे शांतता. एसट्रेसमध्ये एरर दिसते पण डू_एममॅपचा प्रोब वाजतच नाही, याचा अर्थ आकडा त्याच्या वरच जन्मला: सेककॉम्प, सुरक्षा मॉड्यूल किंवा चुकीचा एफडी. मेमरीच्या कोडमध्ये डोकं खुपसायची गरजच उरत नाही. केसिस_एममॅप_पीजीऑफही गप्प असेल तर सेककॉम्प किंवा आर्किटेक्चरच्या मजल्यावरची ऑफसेटची तपासणी, एवढंच उरतं.

ओळ-ओळ चालायची वेळ आली तर क्यूईएमयूमध्ये कर्नल वजा-एस पर्यायानं सुरू करा आणि १२३४ पोर्टवर जीडीबी जोडा. कर्नलच्या कमांड लाइनवर नोकेएएसएलआर (कर्नलचे स्वतःचे पत्ते यादृच्छिक न करण्याचा पर्याय) लिहायचं विसरलात तर ब्रेकपॉइंट हवेत लागतात. कर्नल ऑप्टिमाइझ करून बांधलेला असल्यामुळे अर्धी व्हेरिएबलं दिसणार नाहीत. अशा वेळी फिनिश देऊन फंक्शनबाहेर पडा आणि आरएएक्स वाचा.

८. ड्रायव्हरच्या पोटातले दोष

आता माझे सोळा. ड्रायव्हरमध्ये एक मदतनीस फंक्शन होतं, जे एकेक पेज जोडत जायचं आणि शेवटी किती पेज जोडली ते परत द्यायचं. एममॅप फंक्शननं तोच आकडा जसाच्या तसा पुढे पाठवला. आतल्या नियमाप्रमाणे तिथे यश म्हणजे शून्य आणि अपयश म्हणजे उणे एरर. शून्य नाही म्हटल्यावर एममॅप_रीजननं ते अपयश मानलं, जोडलेलं सगळं सोडवलं आणि तो आकडा वर पाठवला. वरच्या मजल्यांना तो एररच्या पट्ट्यात दिसला नाही, म्हणून त्यांनी पत्ता मानला. सोळा पेज मागितली होती, सोळा पत्ता आला. मी लांबी दुप्पट करून पाहिली तेव्हा ३२ आले, आणि तिथे डोक्यात प्रकाश पडला. बारका धन आकडा दिसला की पहिल्याच मिनिटाला लांबी बदलून पाहा.

ड्रायव्हर वाचताना हे तपासा:

- कुठेही नुसतं उणे एक परत दिलं आहे का. वापरकर्त्याला ते ईपर्म म्हणून दिसतं आणि तो बिचारा अधिकारांच्या मागे धावतो.
- रीमॅप_पीएफएन_रेंजला फिजिकल पत्ता दिला आहे की पेज फ्रेमचा क्रमांक. क्रमांक हवा, म्हणजे पत्ता पेज_शिफ्टइतका उजवीकडे सरकवून. ही चूक अनेकदा एरर देत नाही, भलतीच मेमरी जोडते.
- त्याची रिटर्न व्हॅल्यू पुढे पाठवली आहे का, की गिळून शून्य दिलं आहे.
- मागितलेली लांबी आणि व्हीएम_पीजीऑफ मिळून उपकरणाच्या क्षेत्राबाहेर जात नाहीत ना. ही तपासणी नसणं म्हणजे सुरक्षेचं भगदाड.
- फॉल्ट हाताळणारं फंक्शन उणे एरर तर देत नाही ना. तिथे व्हीएम_फॉल्ट_ नं सुरू होणारे वेगळे कोड लागतात. ४.१७ मध्ये व्हीएम_फॉल्ट_टी हा स्वतंत्र प्रकार आला तो हीच सरमिसळ थांबवायला.
- कर्नलच्या आतून व्हीएम_एममॅप बोलावलं असेल तर एरर इझ_एर_व्हॅल्यूनं तपासली आहे का. तो चिन्हरहित आकडा देतो, त्यामुळे "शून्यापेक्षा कमी" ही अट कधीच खरी होत नाही.

रिटर्न व्हॅल्यू चोख आणि पहिल्या स्पर्शाला प्रोसेस मारणारा सिगबस सिग्नल, हा मात्र वेगळा आजार. तो फाइलच्या शेवटच्या पेजपलीकडे हात घातल्यावर किंवा फॉल्ट फंक्शननं नकार दिल्यावर होतो. एममॅपचा आकडा तपासत बसून तो सापडणार नाही.

९. दुरुस्तीनंतर

दुरुस्त केलेला कॉल चालतो एवढ्यावर थांबू नका, अपयशाची वाटही चालवून पाहा. एसट्रेसच्या इंजेक्ट पर्यायानं, उदाहरणार्थ, तिसऱ्याच एममॅपला ईनोमेम देता येतो. कॉल कर्नलपर्यंत न जाता प्रोग्रामला ती एरर मिळते. आकडा एक-एक वाढवत नेलात तर नल तपासणाऱ्या जागा पटापट उघड्या पडतात. सुरुवातीचे काही एममॅप डायनॅमिक लोडरचे असतात, ते फसले तर प्रोग्राम सुरूच होणार नाही. तो तुमचा दोष नाही, पुढचा आकडा घ्या.

आधीच्या कर्नलवर चालत होतं आणि नव्यावर नाही, अशी केस असेल आणि वरच्या टप्प्यांत काही निघालं नसेल, तर गिट बायसेक्ट करा, म्हणजे इतिहास निम्मा-निम्मा करत दोषी कमिट शोधा. तुमच्या त्या वीस-तीस ओळींच्या प्रोग्रामचं मोल इथे कळतं, कारण दर फेरीला तोच चालवायचा असतो. सापडलेला कमिट, तो प्रोग्राम, एसट्रेसची ओळ, मॅप्स फाइल आणि कॉन्फिग इतकं जोडून संबंधितांना कळवा. कुणाला, ते कर्नलच्या कोडमधली गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते.

माझ्या ड्रायव्हरची दुरुस्ती एका ओळीची होती: मदतनीसाचा आकडा धन असेल तर शून्य परत द्यायचं. ती करताना त्याच फाइलमध्ये तीन ठिकाणी नुसतं उणे एक सापडलं.